इंग्रजी बोलण्याचा धीर

इंग्रजी वर्तमानपत्रातील अग्रलेखाचा मथितार्थ चारचौघांत समजावून सांगणारा, बँकेचा अर्ज बिनचूक भरणारा, मुलाच्या निबंधातील चुका तांबड्या शाईने दाखविणारा एखादा सुशिक्षित गृहस्थ आगगाडीच्या डब्यात समोर परप्रांतीय प्रवासी येऊन बसला म्हणजे खिडकीबाहेर पाहू लागतो. त्या प्रवाशाने इंग्रजीत काही विचारलेच, तर हा 'येस, येस' म्हणतो, किंचित हसतो आणि पुन्हा खिडकीकडे वळतो. त्याला इंग्रजी येत नाही असे म्हणता येणार नाही. येते असेही म्हणवत नाही. असे गृहस्थ, आणि अशा गृहिणीही, मराठी घरांतून शेकड्यांनी सापडतील.

याचे कारण त्यांच्या बुद्धीत नसून इंग्रजी त्यांच्याकडे ज्या वाटेने आले त्या वाटेत आहे. मुंबई विश्वविद्यालय १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली झाली. तेव्हापासून इंग्रजी म्हणजे उत्तरपत्रिकेत लिहावयाची भाषा, असे समीकरण आपल्याकडे दृढ झाले. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालांवर पिढ्यांमागून पिढ्या पोसल्या गेल्या. त्या पुस्तकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मराठी वाक्याचा एकेक सांधा उकलून तो इंग्रजीत कसा बसवावा हे त्यांनी जितके चोख शिकविले तितके पुढे फारच थोड्या पुस्तकांनी शिकविले असेल. परंतु भाषांतर करावयास वेळ लागतो, आणि संभाषणात वेळ नसतो. मनातल्या मनात मराठी वाक्य जुळवावे, त्याचा कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम मोडून क्रियापद मध्ये आणावे, काळ तपासावा, 'ए' की 'द' याचा निवाडा करावा, इतके होईपर्यंत समोरचा मनुष्य दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले, तरी मुलांना बोलावयास लावण्यापेक्षा लिहावयास लावणे शिक्षकाला सोपे जाते. पन्नास मुले एकदम लिहू शकतात. पन्नास मुले एकदम बोलू लागली तर वर्गाचा बाजार होतो.

मग ज्यांनी इंग्रजी बोलणे साध्य केले त्यांनी ते कसे केले? डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १८८३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी, बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यात त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. आपण वैद्यक शिकण्यास अमेरिकेस का जात आहोत, एकट्याच का जात आहोत, परत आल्यावर जातीबाहेर टाकले गेल्यास काय करणार, असे जे प्रश्न त्यांना जो तो विचारी, तेच एकेक घेऊन त्यांनी त्यांची उत्तरे दिली. एरवी या भाषणाची वाखाणणी धैर्यासाठी होते आणि ती योग्यच आहे. पण भाषा शिकणाराने त्यातील दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी. हे प्रश्न त्यांना पुनःपुन्हा विचारले गेले होते आणि त्यांची उत्तरे त्यांच्या मनात घोळून पक्की झालेली होती. परभाषेत प्रथम बोलावयाचे ते अशा विषयावर, की ज्याविषयी काय बोलावे हा प्रश्नच उरलेला नाही. आपले गाव, आपले घर, आपला धंदा, आपल्या मुलांची शिक्षणे, गुडघ्याचे दुखणे. हे विषय क्षुद्र वाटतात, पण अनोळखी माणूस शंभरांपैकी नव्वद वेळा यांविषयीच विचारतो.

नित्याचे संभाषण म्हणजे विचारांची देवघेव, अशी एक भाबडी समजूत आहे. पोलंडात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात दाखवून दिले, की माणसे पुष्कळदा माहिती देण्यासाठी बोलतच नाहीत. केवळ मौन मोडून एकमेकांशी सलगी जोडण्यासाठी बोलतात. मराठी माणसाला हे शास्त्रज्ञाने सांगावयास नको. रस्त्यात भेटलेला शेजारी 'काय, बाजारात वाटतं?' असे विचारतो, तेव्हा हातातील पिशवी त्याला दिसतच असते. 'जेवण झालं का?' या प्रश्नाला कोणी भोजनातील पदार्थांची यादी ऐकवीत नाही. इंग्रजीत या जागा निराळ्या वाक्यांनी भरलेल्या आहेत, इतकेच. 'हाउ आर यू?' ही प्रकृतीची चौकशी नव्हे. तिला 'फाइन, थँक यू' एवढेच उत्तर द्यावयाचे आणि लगेच तोच प्रश्न उलट विचारावयाचा. जुन्या पुस्तकांतील 'हाउ डू यू डू?' चे उत्तर तर पुन्हा 'हाउ डू यू डू' असेच असे. तो प्रयोग आता मागे पडला आहे, आणि पहिल्या भेटीत 'नाइस टु मीट यू' म्हटले म्हणजे भागते. उलट, आपला जेवणाचा प्रश्न इंग्रजी करून एखाद्या इंग्रजास दुपारी बारा वाजता विचारला, तर त्याला ते भोजनाचे निमंत्रण वाटण्याचा संभव असतो. हवा-पाण्याविषयी बोलणे हे इंग्रजांच्या थट्टेचा विषय झाले आहे खरे, पण नवशिक्याला त्यासारखा सुरक्षित विषय नाही.

यापुढची अडचण शिष्टाचाराची आहे, आणि ती शब्दसंग्रहाच्या अडचणीहून मोठी आहे. मराठीत विनय क्रियापदात आणि सर्वनामात राहतो. 'पाणी दे', 'पाणी द्या', 'जरा पाणी देता का', 'पाणी मिळेल का' या चढत्या पायऱ्या आहेत, आणि 'आभारी आहे' हा शब्द कोठेही न येता सौजन्य पुरेपूर व्यक्त होते. आईने पाण्याचा पेला हातात दिल्यावर मुलाने तिचे आभार मानले, तर मुलगा रागावला आहे की काय अशी तिला शंका यावी. आभारप्रदर्शन हा आपल्याकडे सभेच्या शेवटी व्हावयाचा कार्यक्रम. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद उरलेला नाही. म्हणून तेथे विनयाचा सारा भार 'प्लीज', 'थँक यू' आणि 'कुड', 'वुड' या शब्दांवर पडतो. 'गिव्ह मी वॉटर' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण ऐकणाराला ते हुकमासारखे लागते. बोलणाराच्या मनातील नम्रता मराठीतच राहून गेलेली असते. 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' हे संपूर्ण वाक्य एक शब्द असल्याप्रमाणे जिभेवर बसवावे. 'कुड' हा भूतकाळ येथे कशासाठी, हा विचार परीक्षेपुरता ठेवावा. 'सॉरी' आणि 'एक्स्क्यूज मी' यांचीही अशीच गल्लत होते. इंग्लंडातील सामान्य रीत अशी, की वाट मागावयाची किंवा लक्ष वेधावयाचे ते 'एक्स्क्यूज मी' म्हणून, आणि धक्का लागल्यानंतर म्हणावयाचे ते 'सॉरी'.

या शिष्टाचारातही एक खड्डा आहे व तो वाटसराला हमखास पाडतो. 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' असे विचारले असता मराठी मनुष्य सौजन्याने 'येस, येस' म्हणतो. शब्दशः याचा अर्थ 'होय, माझी हरकत आहे' असा होतो. खिडकी उघडण्यास जो तयार आहे त्याने 'नॉट ॲट ऑल' म्हणावयास हवे. याच जातीची दुसरी चूक नकारार्थी प्रश्नाची. 'तुम्ही काल आला नाहीत?' असे विचारले तर आपण म्हणतो, 'हो, नाही आलो.' आपला 'हो' विचारणाराच्या म्हणण्याला मिळतो. इंग्रजीतील 'येस' आणि 'नो' विचारणाराकडे पाहत नाहीत, घडलेल्या गोष्टीकडे पाहतात. आलो नाही, मग प्रश्न कसाही असो, उत्तर 'नो' च. न्यायालयात साक्षीदाराला, किंवा दवाखान्यात रोग्याला, असा प्रश्न इंग्रजीत विचारला जातो तेव्हा या एका शब्दाने अर्थाचा अनर्थ होऊ शकतो.

मराठीतील काही लकबी इंग्रजीत जाऊन बसतात त्या मोठ्या गमतीच्या आहेत. आपला 'च' घ्या. 'मी कालच आलो' यातील 'च' ला इंग्रजीत जागा नसल्यामुळे त्याचे 'ओन्ली' होते आणि 'आय केम यस्टर्डे ओन्ली' असे वाक्य जन्मास येते. इंग्रज हे काम शब्दाने न करता आवाजाने करतो; 'यस्टर्डे' हा शब्द तो दाबून उच्चारतो, की झाला 'च'. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या आपल्या 'ना?' चे 'इझन्ट इट?' होते आणि मग 'यू आर कमिंग, इझन्ट इट?' ऐकू येते. वास्तविक तेथे 'आरन्ट यू?' हवे. निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ वाटते, 'येतो' म्हणतो. याचे इंग्रजी करून दारात उभे राहून 'आय कम' म्हटले तर यजमान आणखी कोण येणार म्हणून वाट पाहील. तेथे 'आय शुड बी गोइंग' म्हणावे. हाक ऐकून आपण जागेवरूनच 'आलो!' असा भूतकाळ ठोकून देतो, इंग्रज 'कमिंग!' म्हणतो, आणि दोघेही तितकेच उशिरा येतात. तसेच 'परवा'. आपला परवा मागचाही असतो आणि पुढचाही. इंग्रजीत मात्र दोन्हींना वेगळी आणि लांबलचक नावे आहेत व ती पाठच करावी लागतात.

इंग्रजीतील जोडक्रियापदांविषयी विद्यार्थ्यांची नेहमी तक्रार असते. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. एका 'पुट' ने इतकी रूपे का घ्यावी? ज्यांची ही तक्रार आहे त्यांनी 'लागणे' हे आपले क्रियापद एकदा परकीयाच्या दृष्टीने पाहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, वेड लागते आणि वेळही लागतो. कोणत्याही मराठी बालकाने ही यादी पाठ केलेली नाही. त्याने 'भूक लागली' हे अखंड ऐकले आणि अखंड उच्चारले. इंग्रजी प्रयोगही असेच अखंड उचलावयाचे आहेत, आणि तेही प्रसंगासकट. 'पुट' ची वीस रूपे एका पानावर मांडून घोकणाराला एकही वेळेवर आठवत नाही.

आता उच्चारांविषयी थोडेसे, कारण भीतीचे निम्मे मूळ तेथे आहे. मराठी जिभेची सामग्री मुळात उत्तम आहे. 'झाड' मधील दंततालव्य 'झ' जवळ असल्यामुळे 'झू' किंवा 'झीरो' म्हणताना तिला फारसे अवघड जात नाही. 'बॅट' आणि 'बॉल' यांतील स्वरांसाठी तर आपण लिपीत चंद्राच्या खुणा करून घेतल्या. 'व्ह' आणि 'व' हा भेद लेखनात आपण पाळतो, बोलण्यात विसरतो. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून 'व्ह' आणि दोन्ही ओठांचा चंबू करून 'व' म्हटले, की 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' निराळे होतात. परंतु खरा भेद अक्षरांत नसून आघातात आहे. मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखा मान असतो. इंग्रजी शब्दात एक अक्षर यजमान आणि बाकीची आश्रित. 'फोटोग्राफ' मध्ये आघात पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर' मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक' मध्ये तिसऱ्यावर. वाक्यातही तसेच, महत्त्वाचे शब्द ठसठशीत आणि बाकीचे गिळलेले. 'ब्रेड अँड बटर' हे छापील शब्द कानावर 'ब्रेड्न् बटर' असे येतात. ज्याने इंग्रजी केवळ डोळ्यांनी शिकले आहे त्याला इंग्रज भराभर बोलतो असे वाटते. त्याच्या वेगापेक्षा त्याने गिळलेली अक्षरेच श्रोत्याला अधिक दगा देतात. यावर कान हाच उपाय. बीबीसीने १९४३ साली 'इंग्लिश बाय रेडिओ' हे पाठ सुरू केले ते याच कारणासाठी. आज तर घरबसल्या हवे तितके इंग्रजी ऐकावयास मिळते. मात्र चित्रपटाच्या खाली उमटणाऱ्या ओळी झाकून ऐकावे, नाहीतर पुन्हा डोळेच काम करतात आणि कान आळशी राहतात.

इतके सर्व समजूनही जीभ उचलत नाही ती लाजेने. ही लाज कोणापुढे वाटते याचा विचार फारसा होत नाही. साहेबापुढे वाटते तिच्याहून ती आपल्याच माणसांपुढे अधिक वाटते. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत, इंग्रजी शिकताना घरातील वडीलधाऱ्या बायकांची बोलणी कशी सोसावी लागली ते लिहून ठेवले आहे. त्या काळी सुनेने इंग्रजी शिकले म्हणून घर हसत होते. आता आजीला इंग्रजी येत नाही म्हणून हसते. फोन वाजतो, पलीकडून इंग्रजी ऐकू येते, आजी 'हॅलो' म्हणून पुढचे वाक्य जुळवीत असते, तोच नातू 'आजी, राहू दे, मी बोलतो' म्हणून फोन काढून घेतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण असे दहा वेळा झाल्यावर आजी फोनजवळ जाण्याचेच सोडते. पुढे नातवाचे मित्र आले म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन बसते. आणि ज्या घरात तिने चाळीस वर्षे सर्वांशी मोकळेपणाने बोलण्यात घालविली त्या घरात ती मुकी होते. गौरी शिंदे यांच्या २०१२ सालच्या 'इंग्लिश विंग्लिश' या चित्रपटात पुण्याच्या शशी गोडबोले या गृहिणीचे दुःख हेच आहे. चित्रपट हिंदी, पण त्याची प्रेरणा पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय चालविणाऱ्या आपल्या मराठी आईपासून मिळाली, असे दिग्दर्शिकेने सांगितलेले आहे. त्यातील नायिका चार आठवड्यांत बोलावयास शिकते. प्रत्यक्षात इतकी त्वरा होत नाही. परंतु तिची प्रगती जेथे होते तो वर्ग पाहण्यासारखा आहे. तेथील सारे विद्यार्थी चुकणारे आहेत आणि कोणी कोणाला हसत नाही.

चुकीच्या इंग्रजीला हसणाराने एक आकडा ध्यानात ठेवावा. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविणारे भारतात सुमारे २ लाख ६० हजार होते. ती दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून सांगणारे सुमारे १२ कोटी ९० लाख. अर्थात आगगाडीत समोर बसलेला तमिळ किंवा बंगाली गृहस्थ हाही मनातल्या मनात वाक्येच जुळवीत असण्याचा फार संभव आहे. त्यालाही 'ए' आणि 'द' यांची धास्ती आहे, आणि तोही खिडकीबाहेर पाहतो आहे. घरात मात्र एक नियम करता येईल: बोलणाराचे वाक्य पुरे होईपर्यंत कोणी दुरुस्ती करू नये, आणि मागितल्यावाचून तर करूच नये. शिक्षकाच्या पेशाला हा नियम रुचत नाही, कारण चूक दिसताच बोट उचलण्याची त्याला सवय लागलेली असते; परंतु जो वाक्यागणिक अडविला जातो तो वाक्ये बोलण्याचेच बंद करतो.

अभ्यास कसा करावा याविषयी बाजारात पुस्तकांना तोटा नाही. तीस दिवसांत इंग्रजी शिकविणारी पुस्तके एकतिसाव्या दिवसाविषयी काही बोलत नाहीत. इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी बंगालमध्ये पुष्कळ वर्षे अध्यापनाचा अनुभव घेतला होता; १९५३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या सर्वसामान्य इंग्रजी शब्दांच्या यादीत सुमारे २००० शब्द आहेत. मॅट्रिकपर्यंत गेलेल्या माणसाला त्यांतील बहुतेक ठाऊक असतात. म्हणून नवे शब्द गोळा करण्यात वेळ दवडण्यापेक्षा जुन्या शब्दांची तयार वाक्ये करून ती मोठ्याने म्हणावीत, आणि मोठ्याने म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू येतील इतक्या मोठ्याने. मनातल्या मनात वाचण्याने ओठांना व जिभेला कसलाही व्यायाम घडत नाही.

या तयार वाक्यांत पहिला मान न समजल्याचे सांगणाऱ्या वाक्यांना द्यावा. केवळ 'व्हॉट?' म्हणणे उद्धट वाटते. शेवटी आवाज किंचित चढवून 'सॉरी?' किंवा 'पार्डन?' म्हणावे. 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' आणि 'कुड यू स्पीक अ लिटल मोअर स्लोली?' ही दोन वाक्ये ज्याच्या ओठांवर आहेत त्याची निम्मी भीती गेली, कारण आता न समजणे हा अपमान राहत नाही, तो संभाषणाचाच एक भाग होतो. त्यानंतर वेळ मिळवून देणारी वाक्ये. मराठीत आपण 'म्हणजे', 'असं बघा', 'काय झालं, की' असे म्हणत विचाराला सवड देतो. इंग्रजीत 'वेल', 'यू सी', 'लेट मी थिंक' ही त्यांचीच भावंडे आहेत. नवशिका अडला म्हणजे एकदम गप्प होतो आणि ती शांतता त्यालाच घाबरविते. 'लेट मी थिंक' म्हणून तीन सेकंद थांबले, तर समोरच्याला तो मनुष्य विचारी वाटतो.

फोनवरील संभाषण सर्वांत कठीण, कारण तेथे समोरच्याचा चेहरा नाही, हातवारे नाहीत, ओठांची हालचाल नाही. प्रत्यक्ष भेटीत बोलण्याचा सराव झाल्यावरच त्याकडे वळावे. प्रथम स्वतः फोन करावा, येणाऱ्या फोनची वाट पाहू नये. करणाराला विषय ठाऊक असतो आणि येणारा फोन उचलणाराला तो नसतो. बँक, विमा कंपनी, रुग्णालय, कोठेही करावयाचा असेल, तर आपण कोण आणि कशासाठी बोलत आहोत ही पहिली दोन वाक्ये कागदावर मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून समोर ठेवावीत व सरळ वाचावीत. खाते क्रमांक किंवा दिनांक सांगावयाचा असल्यास तोही त्याच कागदावर शब्दांत लिहावा. घाईत इंग्रजी आकडे भल्याभल्यांना दगा देतात. पलीकडील माणसाला कागद दिसत नाही. तिसऱ्या वाक्याची तयारी करण्याची गरज नसते, कारण ते त्याच्या प्रश्नातच अर्धे तयार होऊन येते.